एका कार्डावर दोघी

४ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. तुम्ही तो घेणार नाही हे ठाऊक आहे, तरी दाराशी ठेवते.

मास्तरीणबाई, तुमच्या शेजारधर्मावर विसंबून या पानांचे फोटो तुमच्या फोनवर पाठवतेय. माझं अक्षर आणि आईंचा चष्मा यांचं कधीच जमलं नाही, तेव्हा तुम्हीच वाचून दाखवा. फक्त मध्येच 'अगं बाई' म्हणू नका. तुम्ही 'अगं बाई' म्हटलंत की पुढचं ऐकायच्या आधीच आईंचे हातपाय गळतात.

आई, आम्ही दोघी सुखरूप पोचलो आणि जागेलाही लागलो. आश्रय मागायला आलेल्यांना इथे एका जुन्या लॉजमध्ये ठेवतात. तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. दोन पलंग, एक कपाट आणि खिडकीतून समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर. स्वयंपाकघर तळमजल्यावर, सगळ्यांचं मिळून एक. लिफ्ट आहे, पण तिच्यावर 'बंद'ची पाटी आहे आणि आता पाटीसुद्धा जुनी झाली आहे. मी खाली धुलाईच्या खोलीत फाटक्या चादरी शिवायला बसते. मशीन चांगलं आहे, फक्त पायाखाली जरा कुरकुरतं.

भिंगरीची तब्येत उत्तम. जेवते, झोपते, दिवसभर खिडकीशी बसून असते. तुमची लेक माझ्याजवळ अगदी व्यवस्थित आहे.

तुमचा राग मला कळतो. आम्ही निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?" आणि आत जाऊन बसलात. पण तुमच्या मुलाला छापखान्यातून उचलून नेल्यावर ती माणसं पुन्हा घरी आली, तेव्हा त्यांनी मला आणि भिंगरीला नावानिशी विचारलं होतं. तुम्ही ते ऐकलंत. नवऱ्याची वाट बघायची सोडून मी पळाले असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मला इतक्या लांबून खोडून काढता येणार नाही. मी वाट बघतेच आहे, फक्त इथून.

काळजी करू नका.

तुमची सून

२६ फेब्रुवारी

आई,

तुमचं उत्तर नाही. मास्तरीणबाईंनी एवढंच कळवलं की तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि उठून भांडी घासायला गेलात. माझ्या पत्राला इतका मान मिळाला, हेही काही कमी नाही.

इथल्या मुलाखती झाल्या. लांबलचक टेबल, पलीकडे अधिकारी आणि मधोमध एक फोन. त्या फोनमधून दुभाषा बोलतो. आपली भाषा जाणणारा त्यांच्याकडे तेवढा एकच असावा, कारण माझ्या मुलाखतीला तोच होता आणि भिंगरीच्याही. दर वाक्याआधी खाकरतो, म्हणून आम्ही त्याचं नाव खाकरेबुवा ठेवलंय. स्वतःचं असं तो काही बोलत नाही. मी म्हटलं, "जरा पाणी मिळेल का?" तर तेही त्याने खाकरून अधिकाऱ्याला सांगितलं.

आता वाईट बातमी सांगते, पण घाबरण्यासारखी नाही. भिंगरीचा अर्ज नामंजूर झाला. त्यांचं म्हणणं, माणसं आली ती तिच्या भावासाठी, हिच्या स्वतःच्या जिवाला धोका दिसत नाही. मी त्याची बायको, म्हणून माझा अर्ज अजून विचारात आहे. इथे आम्हाला दिलेल्या वकीलबाई म्हणतात वर दाद मागू. तोवर तिला इथे झोपायला मिळेल, फक्त तिचं आरोग्य कार्ड काढून घेतलंय. ते कार्ड असलं की दवाखाना, तपासण्या, औषधं. नसलं तर जिवावर बेतलं तरच आत घेतात. पण तिला कुठे काय झालंय? थोडा खोकला आहे, हवा बदलली की होतोच.

एक गंमत सांगते. आमच्या सगळ्यांच्या जन्मतारखा इथे एक जानेवारी लिहिल्या आहेत, कारण दाखले कुणाकडेच नव्हते. कार्डं मिळाली त्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवरची बाई दोन्ही कार्डं हातात घेऊन एकदा माझ्याकडे, एकदा भिंगरीकडे बघत राहिली आणि उलटसुलट देऊन बसली. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा म्हणाला होतात, "मुलगी चांगली आहे, पण नाक बसकं आहे, माझ्या लेकीसारखं नाही." इथल्या बाईला आमच्या नाकांत काडीचा फरक दिसला नाही. भिंगरी हसून हसून दमली. मग जरा वेळ तिला बोलताच येईना.

तुमची सून

१९ मार्च

आई,

तुमचा निरोप मिळाला. इतक्या दिवसांनी आलेला पहिला निरोप, आणि तोही एवढासा. मास्तरीणबाईंनी जसाच्या तसा लिहिलाय: "दिवसभर खिडकीशी बसून असते म्हणालीस. माझी पोर कधी बसत नाही. काय झालंय तिला?"

मी काय लिहिलं ते मलाच कळलं नव्हतं. कुरिअरची पाकिटं घेऊन चार मजले एका दमात चढणारी पोरगी, पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून घरात भिंगरी नाव पडलं. तीच बसून असते असं मी सहज लिहून गेले.

मास्तरीणबाई, इथून पुढे जे लिहिलंय ते दार लावून वाचा.

तिला धाप लागते, आई. आधी तिसऱ्या मजल्याला लागायची, मग दुसऱ्याला, आता पहिल्याच वळणावर भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि मला म्हणते, "वहिनी, तू हो पुढे, मी चप्पल सरळ करून येते." आडवी झाली की खोकला येतो, म्हणून माझीही उशी तिच्या पाठीशी देते. संध्याकाळी घोटे सुजतात. मी तिला तातडीच्या विभागात नेलं होतं. तिथल्यांनी नामंजुरीचं पत्र पाहिलं, छातीला नळी लावल्यासारखं केलं, खोकल्याचं औषध दिलं आणि सांगितलं की जिवावर बेतलेलं नाही, बेतलं तर या. बेतल्यावर तिला तीन मजले खाली कोण आणणार, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग मी जे केलं ते ऐका आणि मला हवं ते बोला. मी तिला माझं कार्ड दिलं.

माझा निळा कोट तिला घातला. खिडकीवरच्या बाईच्या लेखी कोट म्हणजे मी. तो तिला खांद्यात सैल होता, मी आतून टाके घालून बसता केला. माझं नाव पुकारलं की तिने उठायचं आणि मी बसून राहायचं, हे आम्ही खोलीत घोटून घोटून पाठ केलं. जन्मतारखेचा प्रश्नच नव्हता. अडलं फक्त एका जागी. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिला सख्ख्या भावाचं नाव सांगायचं होतं. पहिल्यांदा तिने ते सांगितलं आणि पलंगावर तोंड लपवून "ई, वहिनी!" करत लोळली. मीही हसले. मग दोघींनी एकदम दाराकडे बघितलं, कारण त्याचं नाव खोलीत इतक्या मोठ्याने बरेच दिवसांत कुणी घेतलं नव्हतं.

दवाखान्यात कुणाला कळलं नाही, आणि तिथून तिला मोठ्या इस्पितळात जायला सांगितलंय, हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे. मी बाहेर बसेन. मला फार भीती वाटते, आई. कार्ड पकडलं जाण्याची कमी, त्या बाई काय सांगतील याची जास्त.

तुमची सून

३ एप्रिल

आई,

तुम्हाला खरं हवं होतं, म्हणून एका दमात लिहिते. तिच्या हृदयातली एक झडप आखडली आहे. नीट उघडत नाही, म्हणून रक्त मागे तुंबतं आणि छातीत पाणी होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, लहानपणी घसा धरून ताप येऊन गुडघे सुजले होते का? भिंगरी हो म्हणाली. तुम्ही महिनाभर तिचे गुडघे शेकत होतात ते तिला आठवतं. दुखणं तेव्हाच आत शिरलं होतं, इतकी वर्षं गप्प बसून होतं. तुमची यात काही चूक नाही, हे डॉक्टरबाईंनी न विचारता सांगितलंय आणि मीही सांगते. आता पाणी उतरवायच्या गोळ्या सुरू आहेत, दर महिन्याला एक इंजेक्शन आहे आणि मांडीच्या शिरेतून फुगा घालून ती झडप मोकळी करायची आहे. लांबवता येणार नाही म्हणाल्या. या धापेवर प्रवास करायचा नाही, असंही बजावलं.

सगळं माझ्या नावावर लिहिलं गेलं. माझे गुडघे उभ्या जन्मात सुजले नाहीत, पण कागदावर आता ते सुजून गेलेत.

आता दुसरं. डॉक्टरबाईंच्या टेबलावरही फोन असतो. त्यातून खाकरण्याचा आवाज आला आणि भिंगरी कोटाचं बटण घट्ट धरून बसली. आम्ही चेहरा पाठ केला, कोट बसवला, नाव घोटलं, आवाजाचं दोघींपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ज्याने आम्हाला कधी पाहिलेलंच नाही, असा इथे एकच माणूस आहे आणि तो आम्हाला फक्त आवाजावरूनच ओळखतो. त्याने दोघींच्या मुलाखती ऐकल्यात.

तपासणीभर तो काहीच बोलला नाही, फक्त भाषांतर. डॉक्टरबाई शेजारच्या खोलीत गेल्या तेव्हा फोनमधून हळूच म्हणाला, "ताई, हा आवाज मी दुसऱ्या नावाने ऐकलाय." तो खाकरला आणि म्हणाला, "गोळ्या वेळेवर घ्या." मग डॉक्टरबाई परत आल्या.

याचा अर्थ काय, आई? आम्ही तेव्हापासून ते वाक्य उलटंपालटं करून बघतोय. भिंगरी म्हणते माणूस चांगला आहे. मी म्हणते माणूस नोकरीचा आहे. जिन्यात बुटांचा आवाज आला की माझा हात मशीनवर थांबतो. काल चादरीबरोबर स्वतःचीच बाही शिवून बसले आणि उठायला गेले तर चादर माझ्याबरोबर निघाली. बाकीच्या बायका हसल्या, मला मात्र हसू आलं नाही.

तुमची सून

२५ एप्रिल

आई,

काल दोन गोष्टी एकदम झाल्या. आधी कुठली सांगू?

इस्पितळाची आधी सांगते. फुगा घालायच्या आधी रक्त तपासतात. भिंगरी माझा कोट घालून गेली, हात पुढे केला. जरा वेळाने नर्स हातात दोन कागद घेऊन आली. आम्ही इथे पोचलो तेव्हा सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, त्यात माझा गट वेगळा आणि कालच्या नळीत वेगळा. माणसाचा रक्तगट बदलत नाही. नर्सला वाटलं की कुणीतरी नळ्यांची अदलाबदल केली. पुन्हा तपासू म्हणाली. पुन्हा तेच आलं. शेवटी तारीख रद्द. डॉक्टरबाईंनी सांगितलंय की या नावाचं हे कोडं सुटल्याशिवाय मी सुई लावणार नाही, मध्येच रक्त द्यावं लागलं आणि चुकीचं दिलं तर माणूस टेबलावरच जाईल.

आणि तिथून आलो तर वकीलबाई खालीच उभ्या. हसतायत! मला मिठीच मारली. म्हणाल्या, तुम्हाला राहायची परवानगी मिळाली. मी विचारलं, कशी? तर त्यांनी माझ्या कार्डावरचा आजार बघितला होता आणि तो कागद माझ्या अर्जाला जोडला होता. झडप आखडलेल्या बाईला जिथे उपचार नाहीत तिथे परत पाठवू नये, असा निकाल झाला. मी तो कागद जोडा म्हटलं नव्हतं. पण वकीलबाईंनी मागे एकदा "तुमची तब्येत कशी आहे आता?" असं विचारलं, तेव्हा मी "बरी आहे" एवढंच म्हणून खाली बघितलं होतं. त्या खाली बघण्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

त्याच पाकिटात भिंगरीचंही पत्र होतं. दाद फेटाळली. तिला परत पाठवणार. पत्रात लिहिलंय, प्रकृती उत्तम, प्रवासास हरकत नाही.

आई, कळतंय ना काय झालं? दुखणं तिला आहे आणि राहायला मिळालं मला. माझ्या रक्तगटामुळे तिचं ऑपरेशन अडलं आणि तिच्या आजाराने मला घर मिळालं. हे असं काहीतरी होऊन बसेल याची मला स्वप्नातही कल्पना नव्हती, मला फक्त तिच्या छातीला नळी लावून हवी होती.

खरं सांगितलं की माझी परवानगी जाणार, हे उघड आहे. खोटं बोलणारी म्हणून माझा मूळ अर्जही बुडेल. मग मलाच परत पाठवतील, आणि तिथे माझं नाव घेऊन विचारणारी माणसं अजून आहेत. नाही सांगितलं तर भिंगरीला विमानात बसवतील. भिंगरी म्हणते, "वहिनी, एकीला तरी राहू दे. तू गप्प बस, तुला माझ्या गळ्याची शपथ." शपथ पूर्ण करायलाही तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

मी अजून काही ठरवलेलं नाही. हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटते, पण नाही ठरवलं. काल ते परवानगीचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यावर माझं नाव छान छापलंय.

तुमची सून

६ मे

आई,

मी सांगून टाकलं.

दोघी एकदमच आत गेलो, पहिल्यांदाच. कोट तिच्या अंगावर होता, मी नुसत्या स्वेटरवर. डॉक्टरबाईंनी दोघींकडे बघितलं आणि फोन लावला. खाकरेबुवा आला. मी खुर्चीच्या कडेला बसून जे सांगायचं ते आपल्या भाषेत सांगितलं. कार्ड माझं आहे, आजार हिचा आहे, नाव चुकीचं दिलं, माझ्या सांगण्यावरून दिलं.

फोनमधून भाषांतर आलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं असावं की काय म्हणतेय ही, कारण त्या फोनकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मग तो खाकरला आणि आमच्याशी बोलला. "ताई, मी शब्दाला शब्द सांगतो, माझं काम तेवढंच. पण एकदा मी सांगितलं की ते परत घेता येणार नाही. अजून मी काही बोललेलो नाही. सांगू का?"

भिंगरीने माझं मनगट धरलं. "वहिनी, नको ना गं." तिच्या बोटांची नखं निळसर झाली होती, आई. मी ती बघितली आणि म्हटलं, "सांगा."

त्याने सांगितलं. इतकी मोठी भानगड त्या भाषेत चार वाक्यांत मावली.

डॉक्टरबाई उठल्या. आधी माझ्याजवळ आल्या, छातीला नळी लावली. मग पाठीला. मग भिंगरीला लावली, बराच वेळ ऐकलं. मग पुन्हा मला. या देशात आल्यापासून माझ्या नावाने इतकं काय काय ऐकलं गेलं, पण माझी छाती कुणी ऐकली ती त्या दिवशी पहिल्यांदा. त्या काहीतरी बोलल्या. खाकरेबुवा म्हणाला, "डॉक्टरबाई सांगतायत, तुमचं हृदय अगदी छान आहे."

मी रडायला लागले. चांगली बातमी ऐकून इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मग डॉक्टरबाई चिडल्या. चांगल्याच चिडल्या. रक्त चढवलं असतं तर? बेशुद्ध असताना काही द्यावं लागलं असतं तर? माझ्या हातून ही पोरगी मेली असती, हे तुम्हाला कळतं का? असं बरंच काही. खाकरेबुवाने त्यातला एक शब्दही गाळला नाही, उलट मला वाटतं एखादा जास्तच घातला. मी मान खाली घालून ऐकलं. तुमच्या हाताखाली राहिल्यामुळे मला ते जमतं.

बोलून झाल्यावर त्या खाली बसल्या आणि कोरा कागद पुढे ओढला. विचारलं, "हिचं नाव काय?" मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात दाखवून मला थांबवलं आणि भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने स्वतःचं नाव सांगितलं. आधी पुटपुटली, ऐकूच आलं नाही. मग पुन्हा सांगितलं, मोठ्याने. फोनमधून लगेच आवाज आला, "हो. हाच आवाज." हे त्याने दोन्ही भाषांत सांगितलं. कुणी विचारलेलं नसताना, डॉक्टरबाईंना कळेल असा त्याने स्वतःहून काढलेला हा पहिलाच शब्द.

डॉक्टरबाईंनी त्या कागदावर लिहिलंय की आता थांबणं म्हणजे जिवावर बेतणं. जिवावर बेतलं की कार्ड लागत नाही.

तुमची सून

१२ जून

आई,

काल भिंगरीच्या शिरेतून फुगा घालून झडप मोकळी केली. तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या स्वतःच्या रक्तगटाचं रक्त शेजारी तयार ठेवून. ते लागलं नाही. मला आत सोडलं तेव्हा ती सपाट झोपली होती. एक उशी, आई! एकाच उशीवर, आणि खोकला नाही. मला बघून म्हणाली, "वहिनी, तुझी उशी परत घे बाई आता." आज सकाळी नर्सचा हात धरून वॉर्डात फिरली, आणि दुपारी हात सोडून. संध्याकाळी नर्स तिला शोधत होती, तर ही जिन्यात. मला नर्सचे शब्द कळले नाहीत, पण सूर अगदी तुमचा होता. तुम्ही तिला अंगणातून हाक मारायचात तो.

तिचं परत पाठवणं थांबलंय. इंजेक्शनं आणि तपासण्या चालू असेपर्यंत तिला हात लावणार नाहीत असं पत्र आहे आणि तिचं कार्डही परत मिळालंय. वकीलबाई तिच्यासाठी नवा अर्ज करतायत. माझ्याशी मात्र त्या आता जरा जपून बोलतात. मला त्यांचा राग नाही, माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली.

मास्तरीणबाई, तुमचा निरोप मिळाला. तुम्ही लिहिलंत की सहा मेचं पत्र आईंनी तुम्हाला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं आणि मग एवढंच विचारलं, "मग हिचं काय?"

आई, लग्नाला इतकी वर्षं झाली. तुम्ही माझ्या भाजीबद्दल विचारलंत, शिलाईबद्दल विचारलंत, माहेरच्यांबद्दलही विचारलंत. पण माझं काय, हे तुम्ही विचारल्याचं मला आठवत नाही. तो निरोप मी चादरींच्या ढिगाआड जाऊन वाचला. तुम्ही विचारलंत, तर आता लपवत नाही.

माझी परवानगी गेली. कार्डही गेलं. आता जिवावर बेतलं तरच मला आत घेतील, आणि माझं हृदय अगदी छान आहे. माझी पुन्हा चौकशी आहे, पुढच्या महिन्यात. त्याच टेबलावर, तोच फोन. खोटं का बोललात, असं विचारतील. खरं तेच सांगेन, आणि खाकरेबुवा शब्दाला शब्द पोचवेल, याची मला खात्री आहे. ते ऐकून समोरचा माणूस काय करेल याची नाही. वकीलबाई म्हणतात आशा सोडू नका, आणि हे म्हणताना पिशवीत काहीतरी शोधतात. भिंगरीला मी सांगितलंय की होईल सगळं नीट. तिला आत्ता धडधड होऊ द्यायची नाही.

कोट मी उसवला. तिच्या मापाचे टाके काढले आणि तो पुन्हा माझ्या खांद्याचा केला. प्रवासात लागला तर असावा.

मला यायचं नाही, आई. तुम्हाला वाईट वाटेल, पण यायचं नाही. त्या गल्लीत पाऊल टाकायचं डोक्यात आलं की मी लिहिता लिहिता उठून दाराची कडी बघून येते. हे शेवटचं पान म्हणूनच असं वाकडंतिकडं आलंय, मास्तरीणबाईंना वाचायला त्रास होईल.

तुम्ही दार उघडं ठेवता ते त्याच्यासाठी. कुलूप लावायचं नाही म्हणून घर सोडलं नाहीत, आणि मला ते पटलं नाही म्हणून आपलं बोलणं तुटलं. आता मीच सांगते, कुलूप लावू नका. तो यावा म्हणून देवापुढे जे काही म्हणत असाल ते म्हणत राहा. आणि मी त्या दारात उभी दिसू नये म्हणूनही म्हणा. पण दिसलेच, तर आधी आत घ्या, आणि मग रागवा.

तुमची सून